कडाबीनराव

कडाबीनराव तुमच्याही ओळखीत असतील. नाव वेगळं असेल, इतकंच. खेळात हरल्यावर बाकीची माणसं नशिबाला बोल लावतात. हे गृहस्थ खेळाच्या रचनेला लावतात आणि चहा येईपर्यंत दुरुस्तीही सुचवून मोकळे होतात. त्यांच्या दुरुस्तीत काही काढायचं नसतं, फक्त वाढवायचं असतं. कॅरममध्ये राणी हातून निसटली, तेव्हा बोर्डाच्या मधोमध पाचवं भोक पाडावं असा विचार त्यांनी मांडला. "चौघांनाही ते सारखंच लांब. बॅलन्सला धक्का नाही." मग राणी मांडायची कुठे, असं कोणी तरी विचारलं. "तो तपशिलाचा भाग झाला," म्हणाले.

बुद्धिबळात उंट गेला तर थेट पानिपत निघालं. 1761 साली अब्दालीच्या उंटांवर जंबुरके, म्हणजे छोट्या तोफा होत्या, मग पटावरचा उंट रिकाम्या पाठीने का हिंडतो? त्याने जागचं न हलता तिरकं दोन घरांवर मारावं. "दोघांकडेही दोन-दोन उंट. बॅलन्सला धक्का नाही."

सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की मी त्यांच्याकडे बघतच नाही.

पण त्यांची खरी कर्मभूमी 'बॅटल फॉर वेसनॉथ'. डेव्हिड व्हाइट याने 2003 साली सुरू केलेला हा फुकट मिळणारा खेळ. षटकोनी घरांचा नकाशा, पाळीपाळीने चाल, एल्फ, ऑर्क, सांगाडे आणि डोंगरातले बुटके. या बुटक्यांकडे थंडरर नावाचा बंदूकवाला असतो. एका पाळीत एकच गोळी, लागली तर 18चं नुकसान, नाही तर नुसता आवाज. गढीत बसलेल्या ऑर्कवर ती लागण्याची शक्यता 40 टक्के. कडाबीनरावांच्या गोळ्या एका संध्याकाळी ओळीने वाया गेल्या आणि रात्री मला फोन आला.

"अरे, या खेळात छऱ्यांची बंदूक हवी. कडाबीन! रुंद तोंडाची. जवळून झाडायची, एका बारात मूठभर छर्रे."

"वेसनॉथमध्ये सगळंच जवळून आहे," मी म्हटलं. "धनुष्यवालासुद्धा शेजारच्या घरातल्यावरच बाण सोडतो."

फोनवर शांतता. मग, "बरं, मग हा अजून जवळून मारेल."

शेजारच्या घरापेक्षा जवळचं घर षटकोनी नकाशात नसतं. हे त्यांना पटवून द्यावं लागलं आणि पटल्यावर ते हिशेबाला लागले. 18ची एक गोळी फोडायची, 6चे तीन छर्रे करायचे. सरासरी नुकसान तेच राहतं. सगळं किंवा काहीच नाही, हा जुगार तेवढा कमी होतो. बॅलन्सला धक्का नाही! या वेळी ते खरंच बरोबर होते, कारण 6चे तीन वार करणारा गडी खेळात आधीपासून आहे. त्याला बोमन म्हणतात. तो माणसांच्या फौजेत असतो आणि त्याच्या हातात साधं धनुष्य असतं.

"पण त्याच्यात धूर कुठे आहे?" कडाबीनराव म्हणाले.

मग छर्रे समोरच्या तीन घरांत पसरवायचं ठरलं. या खेळात एक हल्ला एकावरच होतो; तिघांवर करायचा तर वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागते. शिवाय त्या तीन घरांत आपलाच बुटका उभा असला तर? "त्याने बाजूला व्हावं," असं उत्तर मिळालं. मग सांगाड्यांचा प्रश्न आला. टोचणारी शस्त्रं सांगाड्याच्या फासळ्यांमधून निघून जातात, त्याला हातोड्यासारखं आपटणारं काही लागतं. तर आमचे छर्रे टोचणारे नसून आपटणारे आहेत, असं त्यांनी जाहीर केलं.

त्यांना गप्प करायला मी एकदा इतिहास काढला. रुंद तोंडामुळे छर्रे फारसे जास्त पसरत नाहीत. त्याचा खरा उपयोग दारू आणि छर्रे भरायला, तेही हलत्या जहाजावर किंवा धावत्या गाडीत. इंग्लंडात टपालाच्या घोडागाडीवरचा रक्षक अशीच बंदूक घेऊन बसायचा. चूप बसतील असं वाटलं होतं. आठवड्याभरात बुटक्यांच्या फौजेत टपालगाडी आली. डोंगरात ती चढणार कशी, हे विचारायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

अशा खेळांच्या भोवती सूचना करणाऱ्यांचा तुटवडा कधीच नसतो. हा खेळ स्वयंसेवक चालवतात आणि मूळ कर्त्याचा आग्रह साधेपणाचा. नवं युनिट आणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की याच्यावाचून अडलंय काय? त्या प्रश्नावर बहुतेक जण रुसतात आणि दुसऱ्या खेळाला सूचना करायला निघून जातात.

कडाबीनराव मात्र रुसले नाहीत. वेसनॉथमधलं प्रत्येक युनिट म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते, कोणीही उघडून तशी दुसरी लिहावी. त्यांनी लिहिली. बँकेतली नोकरी सांभाळून, चाळिशी ओलांडल्यावर. 72 बाय 72 ठिपक्यांच्या चौकटीत त्यांनी बुटका काढला. त्याची दाढी एका बाजूने जळकी आहे, कारण बार रोज त्याच गालाजवळ उडतो. हे ठिपके मोजून काढणाऱ्या माणसावर चिडून राहणं अवघड आहे. मी प्रयत्न केला.

खेळात युनिटची माहिती द्यावी लागते. त्यांनी लिहिलंय, की हा खाणीच्या दारावरचा जुना पहारेकरी, त्याला आता लांबचं दिसत नाही. नेम धरणं सुटलं, पण पहारा सोडवत नाही, म्हणून त्याला छऱ्यांची बंदूक दिली. कडाबीनरावांच्या वडिलांनाही शेवटी लांबचं दिसत नव्हतं, एवढं मला माहीत आहे. त्याबद्दल आम्ही बोललो नाही. मी फक्त विचारलं, तीन घरांचं काय झालं? ते काढून टाकलं, म्हणाले. टपालगाडीही काढली. उरले 6चे तीन छर्रे आणि भरपूर धूर.

कडाबीनवाल्याची किंमत त्यांनी 19 नाणी ठेवली आहे. बोमन 14ला मिळतो आणि मारा तेवढाच करतो. जिंकायचं असेल तर बोमनच घ्या.