रसिकाग्रणी

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हाधिकारी असतो, पोलीस अधीक्षक असतो, त्यांच्या नेमणुकीचे हुकूम निघतात, बदल्या होतात आणि यथाकाल निवृत्तीही होते. परंतु ज्याच्या नेमणुकीचा कागद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, ज्याची बदली करण्याचे सामर्थ्य कोणत्याही मंत्र्यात नाही आणि ज्याच्या निवृत्तीचे वृत्त केवळ निधनवार्तेच्या सदरातच वाचावयास मिळते, असा एक अधिकारी नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत पिढ्यानुपिढ्या कारभार पाहत आला आहे. निमंत्रणपत्रिकेत त्याच्या नावामागे ‘रसिकाग्रणी’ हे विशेषण छापलेले असते. ते प्रथम कोणी छापले हे विचारू नये. पत्रिकेचा मजकूर छापखान्यात पोचवण्याचे काम त्याच्याकडेच असते.

हा गृहस्थ बहुधा महसूल खात्यातला निवृत्त अव्वल कारकून असतो, नाहीतर सहकारी बँकेचा माजी शाखाधिकारी किंवा कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवून मोकळा झालेला अध्यापक. गाणे तो स्वतः कधी शिकलेला नसतो, आणि हीच आपल्या निःपक्षपातीपणाची सनद आहे असे तो मानतो. नांदेडचे कुसुम सभागृह असो वा लातूरचे दयानंद सभागृह, दुसऱ्या रांगेतील मधल्या वाटेकडची पहिली खुर्ची त्याच्या ताब्यात असते. पहिल्या रांगेतले कोच मान्यवरांसाठी राखलेले असतात आणि मान्यवर सत्कार स्वीकारून तासाभरात निघून जातात. तेव्हा कलावंताच्या दृष्टीस अखेरपर्यंत पडणारा पहिला मनुष्य आपणच असावा, हा हिशेब त्यामागे आहे. कार्यक्रम सहाचा असेल तर साडेपाचलाच त्या खुर्चीवर घडी घातलेला एक पांढरा रुमाल पडतो. आणि या रुमालाची वहिवाट इतकी जुनी आहे की, एखाद्या नवख्या तहसीलदाराने तो उचलून बाजूला ठेवला, तर सभागृहाचा रखवालदारच त्या तहसीलदारास अदबीने उठवतो.

दाद हा त्याच्या अधिकाराचा मुख्य भाग होय. ख्याल विलंबित एकतालात चाललेला असतो, बारा मात्रांचे एकेक आवर्तन पुरते मिनिटभर रेंगाळत असते, आणि आरंभी तो मांडीवर बोटांनी मात्रा मोजताना दिसतो. सातव्या-आठव्या मात्रेच्या सुमारास कोठेतरी त्याची आणि तबलजीची चुकामूक होते. मग तो डोळे मिटून घेतो, आणि मागच्या रांगेतले लोक एकमेकांना खुणावतात की, पाहा, काकांची समाधी लागली. पुढे समेची चाहूल त्याला तबल्यावरून नव्हे तर पेटीवाल्याच्या मानेवरून लागते. ती मान किंचित खाली जाऊ लागली की त्याचा उजवा हात उंच उठतो आणि ‘क्या बात है!’ हे शब्द समेच्या अर्धी मात्रा आधी सभागृहभर पोचतात. अनुभवी गवई हे जाणून असतात आणि त्या हाताच्या इभ्रतीखातर सम जराशी अलीकडे ओढून घेतात, असा माझा दाट संशय आहे.

परंतु गाणे सुरू होण्यापूर्वी त्याचे प्रास्ताविक व्हावयाचे असते, आणि ते देवगिरीहून निघते. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या पदरी होता, ही गोष्ट निर्विवाद सत्य आहे. मात्र त्या सत्यापासून निघून, गोपाळ नायक आणि अमीर खुस्रो यांची आख्यायिका ओलांडून, निजामाच्या अमदानीत दोन घटका मुक्काम करून, ध्वनिक्षेपकवाल्याने ‘इको’ कमी करावा या तात्पर्यापर्यंत पोचण्यास त्याला चांगली पंचवीस मिनिटे लागतात. अण्णासाहेब गुंजकर आणि त्यांच्यापाशी शिकून पुढे औरंगाबादेस गेलेले नाथराव नेरळकर ही नावे आली, म्हणजे भाषण विसाव्या शतकात शिरले असे समजावे आणि तबलजीने हातोडी काढावयास हरकत नाही. त्यानंतर दीपप्रज्वलन, ज्यात काडेपेटी कोणाजवळच नसते; त्यानंतर सत्कार, ज्यात सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार होतो. कार्यक्रम उघड्या मैदानावर असला तर सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला कर्णे बंद करावे लागतात, आणि विशेष सवलतीचे दिवस वर्षाकाठी मोजकेच. मध्यरात्रीचा मालकंस मनात योजून मुंबईहून आलेला गवई नऊ वाजता तंबोरे जुळवावयास बसतो. दहाला दहा मिनिटे कमी असता मैदानाच्या कडेला बंदोबस्ताचा हवालदार घड्याळ पाहू लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या रांगेतून फर्माईश येते, ‘पंडितजी, भैरवी!’ पहाटेची रागिणी रात्री दहाच्या आत उरकण्याची ही किमया आमच्याकडेच पाहावी.

सार्वजनिक उत्सवांत त्याच्या अंगी संचार होतो. शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ फेब्रुवारीत नांदेडला ‘संगीत शंकर दरबार’ भरतो. गोदावरीच्या बंदाघाटावर दिवाळी पहाट होते आणि शहर उटणे लावून नदीकाठी येऊन बसते. या प्रसंगी कोणत्या गवयाला कोणत्या कंपनीचे पाणी चालते, कोणत्या वादकाला पंख्याचा वारा सोसत नाही, ही माहिती त्याला तोंडपाठ असते आणि ती तो न विचारता देतो. मात्र याच नांदेडात, जेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी ग्रंथाला गुरुपद दिले, त्या सचखंड हजूर साहिबात पहाटे ‘आसा दी वार’चे कीर्तन चालते. ज्या ग्रंथातली वाणीच मुळी एकतीस रागांच्या अनुक्रमाने लावलेली आहे, त्याच्या सान्निध्यातले हे गाणे. येथे प्रास्ताविक नाही, प्रमुख पाहुणा नाही, आभारप्रदर्शन तर नाहीच. आमचा रसिकाग्रणी अधूनमधून तेथेही जातो, डोक्याला रुमाल बांधून एका खांबाशी बसतो आणि तासभर अक्षरही बोलत नाही. या ऐकण्याचा उल्लेख तो भाषणात कधी करत नाही. त्याचे खरे ऐकणे तेवढेच असावे, असे मला वाटते.

लातूरच्या रसिकाग्रणीचे अभिमानविषय निराळे. गात गात चक्राकार फिरण्याचे औशाच्या नाथ संस्थानचे चक्रीभजन हा त्याचा हुकमाचा पत्ता, आणि तो पडला की नांदेडकराने निमूट चहा घ्यावा. माळेगावला खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव भरतो, तेथे मात्र दोन्ही शहरांचे रसिकाग्रणी ‘लोककलेच्या अभ्यासासाठी’ म्हणून हजर असतात. अभ्यासाची वही अद्याप कोणी पाहिलेली नाही. लातुरास पूर्वापार तंबोरे यावयाचे ते मिरजेहून. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने घसा कोरडा पडला तेव्हा त्याच मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेस पाच लाख लिटर. त्यावर ‘मिरजेचे आपल्यावरील दुहेरी ऋण’ या विषयावर त्याने जे भाषण केले, ते ऐकण्यासाठी माणसे रिकाम्या घागरीसुद्धा रांगेत सोडून आली नाहीत, याचे शल्य त्याला आजही आहे.

एवढे सगळे खरे असले, तरी संगीत मंडळाचे पावतीपुस्तक त्याच्यावाचून हलत नाही, हेही तितकेच खरे. हे पुस्तक बगलेत मारून तो मोंढ्यात शिरतो तेव्हा आडते मंडळींत जी हालचाल होते, ती विक्रीकर अधिकाऱ्याच्या आगमनानेही होत नसे. तुरीच्या पोत्यांच्या थप्पीआड गेलेल्या मालकाला नेमके हुडकून काढून, त्याच्या गादीवर ऐसपैस बसून तो शांतपणे चहाची वाट पाहतो.

‘शास्त्रीय हाय का सर?’ आडत्या विचारतो.

‘शुद्ध शास्त्रीय.’

‘मग निम्मे लिहा. शिनेमाची दोन गाणी ठिवली तर पुरे देतो.’

या घासाघिशीत तो कधी हरलेला नाही. गाणी ठेवत नाही, आणि पैसे मात्र पुरे घेतो. कारण आडत्याच्या नातीला पुढल्या वर्षी दहावीला शास्त्रीय संगीताचे वाढीव गुण मिळावयाचे आहेत, ही नोंद त्याच्या मनाच्या खातेवहीत आधीच झालेली असते. ‘लातूर पॅटर्न’च्या या प्रदेशात गुणांसाठी माणसे गाण्यालाही राजी होतात. शिकवणी वर्गांच्या चालकांकडून जाहिरात मिळवताना तो कार्यक्रम ‘विद्यार्थ्यांची एकाग्रता वाढवणारा’ म्हणून सांगतो. विद्यार्थी मात्र त्या वेळी वर्गातच असतात, म्हणून त्यांची एकाग्रता भंग पावत नाही.

आता या गोळा झालेल्या द्रव्याचा विनियोग पाहावा. परगावचा कलावंत असेल तर त्याला वातानुकूलित खोली, मोटार आणि जाड पाकीट. गावातला असेल तर त्याला शाल, श्रीफळ आणि टाळ्या; कारण तो ‘घरचाच’ आहे. या एका शब्दाने मराठवाड्यातल्या जितक्या गवयांना प्रेमाने कवटाळले, तितक्याच गवयांना शिकवण्यांच्या दावणीस बांधले, असे माझे मत आहे आणि ते मी त्याच्या तोंडावर बोलून दाखवलेले आहे. तो दुखावला नाही. म्हणाला, ‘घरच्या माणसाला पैशे देणं म्हंजे त्याला परकं करणं. मला न्हाई जमायचं ते.’ आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होते.

या तत्त्वज्ञानाचा निकाल लावला तो एका तबलजीने. हा मुलगा लातूरचा. हात गोड, स्वभाव गरीब, आणि घरात शाली इतक्या की आईने त्यांच्या गोधड्या शिवल्या. २००९ साली महसुली आयुक्तालय कोठे असावे यावरून नांदेड आणि लातूर यांच्यात जे वाजले, त्याची कुरकुर अद्याप पुरती शमलेली नाही. कलेच्या प्रांतात मात्र या वैमनस्याचा उपयोग होऊ शकतो, हे त्याने ओळखले. लातूरच्या सभेत त्याला नारळ मिळे. तोच तबला एस.टी.त मांडीवर घेऊन, चाकूर, अहमदपूर, लोहा करीत तो नांदेडला उतरला की ‘लातूरचे सुप्रसिद्ध तबलावादक’ होई आणि पाकीट घेऊन परते. नांदेडच्या तबलजीनेही ही युक्ती उचलली. मग काही काळ असे चालले की, दर शनिवारी दोन्ही शहरांचे तबले अहमदपूरच्या स्थानकावर एकमेकांस ओलांडून जात, आणि दोन्ही रसिकाग्रणी आपापल्या सभेत सांगत की, असा हात आपल्या गावात नाही.

रसिकाग्रणीच्या बाजूने एक साक्ष दिलीच पाहिजे. गुरुपौर्णिमेला संगीत विद्यालयात विद्यार्थ्यांचे गायन असते. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची मुले ओळीने गातात, आणि आपले अपत्य गाऊन उतरले की आईबाप त्याला घेऊन दुचाकीवरून निघतात. त्यामुळे सभागृह पोराला एक कुटुंब या प्रमाणात रिकामे होत जाते. शेवटी विशारदची एखादी मुलगी उरते, जिचे वडील बाहेर रिक्षा चालवत असतात. समोर खुर्च्या उचलणारा मंडपवाला, पेटीवर गुरुजी, आणि दुसऱ्या रांगेत काका. ती यमन गाते, अंतऱ्यात तार षड्जाशी अडखळते, पुन्हा चढते, आणि या वेळी सूर लागतो. काकांचा हात समेवर उठतो. आधी नाही, नेमका समेवर. मंडपवाल्याने त्यांच्या शेजारची खुर्ची उचलायला हात घातला तर ते त्याच्याकडे अशा नजरेने पाहतात की तो ती परत ठेवून स्वतःच तीवर बसतो. रात्री बाराच्या गाडीने उतरणाऱ्या सारंगियाला स्थानकावरून आणायलाही हेच जातात, आणि त्या वेळी भाकरी टाकणाऱ्या काकूंचे नाव मात्र कोणत्याही पत्रिकेत छापले गेलेले नाही. मजकूर नेणाऱ्याला ते सुचत नसावे.

तबलजीचे प्रकरण मात्र पुढे उघडकीस आले. नांदेडलाही तो वारंवार दिसू लागल्यावर तेथील पाकीट हळूहळू पातळ होऊ लागले, आणि एके दिवशी त्यातून शाल निघाली. तेव्हा तो लातूरच्या काकांकडे आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, ‘काका, मी आता अहमदपूरला जागा बघायलोय. अर्ध्या वाटंवर हाय. तिथनं दोन्हीकडं परगावचाच की मी.’

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी आत वळून काकूंना चहा टाकायला सांगितले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘अहमदपूर? अरे, ती तर माझी सासुरवाडी! म्हंजे तू आता पक्का घरचाच झालास की.’