नाचाच्या हजेरीबाबत

मा. समन्वयक सर,
सामाजिक समता सप्ताह समिती,
औद्योगिक प्रशिक्षण संस्था.

(संस्थेचं गाव लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्या प्राचार्यांनी घराच्या ग्रिलची दिलेली ऑर्डर जाईल.)

नमस्कार, जय सेवा, जोहार. तिन्ही घाला म्हटलं, कोणी वगळलं जायला नको.

समता सप्ताहाला तुम्ही मला 'यशस्वी माजी प्रशिक्षणार्थी' म्हणून बोलावलंत, शाल दिली, नारळ दिला. आभारी आहे. १९९८ साली तुमच्याच शेडमधून वेल्डर होऊन मी बाहेर पडलो. तेव्हा शेडवरच्या पाटीवर वेल्डरला 'संधाता' लिहिलं होतं. आईने विचारलं होतं, हा कोणता देव रे बापा? तुमचा फ्लेक्स पाहून तिची आठवण झाली. 'विविधता हीच आमची ताकद' एवढी ओळ मराठीत, बाकी सगळी समता इंग्रजीत. समोर बसलेल्या पोरांपैकी निम्म्यांना मराठीसुद्धा शाळेत गेल्यावर भेटलेली.

कार्यक्रम झकास झाला. संविधानाची उद्देशिका वाचली गेली. मग निवेदिका म्हणाल्या, "आता आपले वनवासी बांधव पारंपरिक रेला नृत्य सादर करतील." बांधव म्हणजे एकटा तो. भामरागड तालुक्यातला माडिया पोरगा, वेल्डर ट्रेडला आहे, रविवारी माझ्या दुकानात येतो. कमरेला प्लास्टिकच्या पानांचा घागरा, डोक्यावर मोरपिसं, गालावर पांढरे ठिपके. हा पोशाख नागपूरहून भाड्याने आणला होता म्हणे. सर, त्याचा बाप शर्ट घालतो. आजोबा धोतर नेसायचा. पानं त्याच्या घरी फक्त पत्रावळीला लागतात.

आणि रेला एकट्याने नाचता येत नाही. हातात हात, पावलात पाऊल, एकाने गाणं उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. दुसरा कोणी मिळाला नाही म्हणून तुम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना जोडारी, म्हणजे फिटर ट्रेडची दोन पोरं उभी केलीत, ती मोबाईलकडे बघून पाय हलवत होती. पोरगा मान खाली घालून नाचला. मीही टाळ्या वाजवल्या. फोटोत मी आहे, हसतोय.

खाली उतरलो तेव्हा नोटीस बोर्ड दिसला. एका बाजूला सप्ताहाची पत्रिका, तिला लागूनच दुसरा कागद: 'हजेरी ८० टक्क्यांपेक्षा कमी असलेले प्रशिक्षणार्थी परीक्षेस अपात्र ठरतील.' सात नावं. चौथं त्याचं. ७६ टक्के. आठ दिवस कमी. दोन्ही कागद एकाच टाचणीत होते.

आता त्याचे दिवस कुठे गेले ते ऐका. पोरगा गावच्या पंडुमला, म्हणजे सणाला, म्हणून चार दिवसांसाठी गेला आणि पर्लकोटा नदी फुगली. ती फुगली की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये भामरागडच्या बाजारात दुकानांवरून पाणी गेलं होतं, तेव्हा राज्याने टीव्हीवर पाहिलं. एरवी कोण पाहतो? बारा दिवस तो पलीकडे अडकला. परत आला तो हिवताप घेऊन. हिवतापात आपला जिल्हा राज्यात कायम वरच्या नंबरांत, एवढा वरचा नंबर आपला कोणी घेत नाही. ते पंधरा दिवस गेले. बाकीचे गेले जातीच्या दाखल्यात. १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. त्याच्या मुलखात हेमलकशाची शाळा सुरू झाली १९७६ साली. आजोबाने १९५० च्या आधीचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून, नदीतून? एका कागदावर माडिया, दुसऱ्यावर मडिया, तिसऱ्यावर नुसतं गोंड. प्रत्येक कान्याला एक चक्कर.

पुराच्या दिवसांची हजेरी मागायला तो तुमच्या कार्यालयात गेला. बाबूंनी सांगितलं, पूर आल्याचा तलाठ्याचा दाखला आण. पूर होता तेव्हा तलाठी नदीच्या अलीकडे, पोरगा पलीकडे, मध्ये पाणी. आणि दाखला पुराचा. पोराने पेपरात आलेला पुलाचा फोटो नेला. "झेरॉक्स चालत नाही," म्हणाले.

८० टक्क्यांचा नियम दिल्लीचा आहे, मान्य. पण त्याच्याच हजेरीपटावर मला आणखी तीन दिवस दिसले, लाल शाईने गोल केलेले. 'सांस्कृतिक सराव, उपस्थित धरावे.' म्हणजे रेलाच्या तालमीला तो हजर. त्या तीन दिवसांत त्याने इलेक्ट्रोड हातात धरला नाही, तरी हजर. नाचला तो आत, पुरात अडकला तो बाहेर.

बाकीच्या तक्रारी उरकतो. व्हीलचेअरसाठी रॅम्प केलात, छान; वर दाराला कुलूप आहे. मुलींना ३० टक्के जागा आहेत, पण त्यांच्या संडासाची किल्ली स्टोअरच्या बाबूंकडे, आणि बाबू एक ते तीन जेवायला. विद्यावेतन वर्षानुवर्षे महिना ४० रुपये होतं, २०२३ मध्ये ते ५०० झालं, त्याचं स्वागत. फॉर्म ऑनलाइन आहे. रेंज नाही.

हे सगळं त्याच रात्री लिहायला बसलो होतो, सर. पण तेवढ्यात तुम्हीच दुकानात आलात.

मला वाटलं ग्रिलचं विचारायला आलात. तुम्ही स्टुलावर बसलात, पाणी मागितलंत, आणि खिशातून घडी केलेला कागद काढलात. त्या पोराच्या हजेरीसाठी तुम्ही स्वतः केलेला अर्ज. वर जावक क्रमांक, तारीख नोव्हेंबरची. "उत्तर नाही आलं जी," म्हणालात. मग हळूच सांगितलंत, तुम्ही तासिका तत्त्वावर आहात. समता समिती, रॅगिंगविरोधी समिती, तंबाखूमुक्ती, वृक्षारोपण, सगळ्यांचे समन्वयक तुम्हीच, कारण कायम असलेले नाही म्हणू शकतात. मानधन चार महिन्यांपासून अडकलेलं. पानांच्या घागऱ्याचं भाडं तुम्ही पदरचं भरलंत. "वरून फोटो मागतात. नाच नसला तर विचारतात, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी काय केलं?"

सर, त्या रात्री पत्र फाडलं. तुमच्यावर काय रागवायचं? तुम्हीही त्याच पटावरचे. तुमची सुट्टी पडली की तुमचा तास कापला जातो, त्याची पडली की त्याचं वर्ष.

पण सकाळी पोरगा आला, आणि मी परत लिहायला घेतलं. म्हणाला, "दादा, मी मे महिन्यात तेंदूला जातो आणि मग येतच नाही. परीक्षाच नाही तर कायले?" तेंदूच्या दोन-तीन आठवड्यांत घरात वर्षाची रोकड येते. ते संस्थेच्या वेळापत्रकात नाही, मोह नाही, पंडुम नाही. दिवाळी आहे, नाताळ आहे. असू द्या, नाताळही असू द्या. मग या जंगलाचं एक तरी पान त्या कॅलेंडरला का चालत नाही हो? एकच चाललं, प्लास्टिकचं, कमरेला. चीड येते, सर. तो माझ्यापेक्षा सरळ शिवण मारतो. हे मी सांगतोय, १९९८ पासूनचा वेल्डर.

तेव्हा एक विनंती अर्ज समजा. परीक्षा जुलैत आहे. हजेरी नाचाने भरते, हे तुमच्याच पटाने सिद्ध केलं आहे. १ मे महाराष्ट्र दिन. ५ जून पर्यावरण दिन. ९ जून बिरसा मुंडांचा स्मृतिदिन. २४ जून राणी दुर्गावतीचा बलिदान दिन. २६ जून शाहू जयंती, सामाजिक न्याय दिन. पाच झाले. आणखी तीन दिवसांच्या तालमी धरल्या की आठ. तेंदूच्या आठवड्यांत मात्र काही ठेवू नका.

मी पोराशी बोललो. तो नाचायला तयार आहे, फक्त घागरा नको म्हणतो. दोन्ही बाजूंना हात धरायला मी आणि माझा हेल्पर येऊ, आम्हाला शिकवतोय तो सध्या. तुम्ही फक्त लाल शाईचा पेन घेऊन बसा. ढोल माझ्या दुकानात आणून ठेवला आहे.

आपला,
एक माजी संधाता