प्रत्येक भिंतीमागे एक ग्राहक

प्रति,
मा. विक्री व दरआखणी प्रमुख,
समस्त डीटीएच कंपन्या,
जिथे फोन लावला की आधी संगीत वाजतं तिथे.

विषय : तीन टीव्ही, पाच रिमोट आणि एक कुटुंब यांचा हिशेब जुळत नसल्याबाबत.

संदर्भ : आपल्या प्रतिनिधीचा प्रश्न, ‘मॅडम, घरात टीव्ही किती?’

महोदय,

स. न. वि. वि.

सर्वप्रथम आपलं अभिनंदन. एकत्र कुटुंब मोडत चाललंय, असं जाणकार गेली कित्येक वर्षं सांगत आहेत. पण कुटुंबाची हद्द नेमकी कुठे संपते, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही. आपण ती साडेचार इंची भिंतीवर आणून ठेवलीत. भिंतीच्या अलीकडे एक ग्राहक, पलीकडे दुसरा. शिधापत्रिका एक, गॅसचं पुस्तक एक, दारावरची पाटी एक. आपल्या दप्तरी मात्र आम्ही दोन. महावितरणला अजून ही दृष्टी आलेली नाही. ते बिचारे संपूर्ण घराला एकच मीटर बसवतात आणि कुठल्या खोलीत पंखा फिरतोय हे विचारतही नाहीत.

आपल्या धंद्याच्या भाषेत पहिल्या जोडणीला ‘पेरेंट’ आणि बाकीच्यांना ‘चाइल्ड’ म्हणतात, हे मला नुकतंच कळलं. आमच्याकडे हॉलमधला टीव्ही पालक आणि सासूबाईंच्या खोलीतला बालक. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं, याचं एखादं माहितीपत्रक आपल्याकडे असल्यास पाठवावं.

केबलच्या जमान्यात असा काही शिस्तशीर विचार नव्हता. खिडकीतून एक वायर आत यायची, तिला चार आण्याच्या मोलाचा एक स्प्लिटर लागायचा आणि आतल्या खोलीतला टीव्ही फुकटात सुरू व्हायचा. केबलवाल्या दादाला ते ठाऊक असायचं आणि दादाला ठाऊक आहे हे आपल्याला ठाऊक असायचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतली आणि पुढच्या वर्षी पुणे, नाशिक, नागपूरकडची जुनी अ‍ॅनालॉग केबल बंद झाली आणि हा समंजस भ्रष्टाचार संपला. आता वायरीतून येतं ते कुलूपबंद, आणि प्रत्येक टीव्हीला स्वतःची किल्ली. त्या किल्लीलाच आपण सेट-टॉप बॉक्स म्हणतो. अलीकडे टीव्ही इतके चपटे झालेत की त्यांच्या डोक्यावर काहीच ठेवता येत नाही, तरी नाव बदललेलं नाही. परंपरेचा असा मान राखणारे उद्योग कमी उरलेत.

विषय आकाशाचा आहे, म्हणून आकाशापासूनच सुरुवात करते. आपले उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर, पूर्व रेखांशाच्या ८३ अंशांपासून १०८ अंशांपर्यंत पसरलेत. महाराष्ट्रातून पाहिलं तर सगळेच्या सगळे साधारण आग्नेयेच्या अंगाला. वास्तुशास्त्रवाल्यांनी ही दिशा स्वयंपाकघरासाठी राखून ठेवली होती. तिथे तुमची छत्री येऊन बसली. ज्यांची गॅलरी पश्चिमेला आहे त्यांना समुद्र दिसेल, सूर्यास्त दिसेल, मालिका दिसणार नाही. अशांनी गच्चीवर जागा मागावी आणि सोसायटीच्या सचिवांशी बोलताना आवाज खालचा ठेवावा.

तर छत्तीस हजार किलोमीटर येताना उपग्रहाच्या लहरींची काहीही तक्रार नसते. पावसाळ्यात ढग आडवे आले, तर त्या पाण्यात मुरतात आणि नायिकेच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. पण तो वरुणराजाचा प्रश्न, तो मी आपल्यावर ढकलत नाही. खरी रड सुरू होते शेवटच्या तीस फुटांत, हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत.

ती का, हे आपला माणूस सांगत नाही, म्हणून वाचकांच्या माहितीसाठी मीच लिहिते. छत्रीच्या समोर जो ठोकळा लटकतो तो एलएनबी. आकाशातून लहरी दोन प्रकारांनी येतात, उभ्या आणि आडव्या. कुठल्या हव्या, हे बॉक्स त्याच वायरीतून वर कळवतो : १३ व्होल्ट सोडले तर उभ्या, १८ सोडले तर आडव्या. आता एकाच वायरीला स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले, हॉलमधून १३ चा हुकूम गेला आणि आतून १८ चा, तर एलएनबी एकाचंच ऐकणार आणि दुसऱ्या खोलीतले चॅनेल बसल्या जागी गायब होणार. म्हणून दोन बॉक्सना दोन तोंडांचा एलएनबी लागतो, चारांना चार तोंडांचा, आणि प्रत्येक खोलीपर्यंत स्वतंत्र वायर. छत्री एकच पुरते. हे सगळं जोडणीच्या आधी समजलं तर भिंतीत नळी टाकतानाच वायरी ओढता येतात. नंतर समजलं तर त्या पडद्याच्या दांडीवरून, देवघराच्या चौकटीवरून आणि दाराच्या फटीतून जातात, आणि ते दार पुढे कधीच नीट लागत नाही. आमचं लागत नाही.

आता दराकडे वळते. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या नियामकाची नवी पद्धत आली. चॅनेलची किंमत वेगळी आणि ते आमच्यापर्यंत पोचवण्याबद्दल नेटवर्क कपॅसिटी फी वेगळी, तेव्हा शंभर चॅनेलपर्यंत कमाल १३० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकही पैशाचा चॅनेल न घेता १५३ रुपये ४० पैसे. गंगा दारात आणून सोडली, तिच्या वाहतुकीचा खर्च. दुसऱ्या खोलीसाठीही तीच गंगा पुन्हा आणल्याचा खर्च कुणीकुणी लावू लागलं, तेव्हा २०२० च्या दुरुस्तीत ट्रायला सांगावं लागलं की दुसऱ्या टीव्हीला पहिल्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त फी लावू नका. तिथवर आमचा जीव भांड्यात पडला होता. जुलै २०२४ मध्ये या फीवरची कमाल मर्यादाच काढून घेण्यात आली. स्पर्धा आहे, दर आपोआप ताळ्यावर राहतील, असा विश्वास त्यामागे आहे. विश्वास ही फार सुंदर गोष्ट आहे. तरी नवा बॉक्स घेणाऱ्यानं ‘दुसऱ्या टीव्हीला महिन्याला एकूण किती, सगळे कर धरून?’ एवढं विचारून उत्तर लेखी घ्यावं.

स्पर्धेचा विषय निघालाच आहे, तर आपल्या स्मरणशक्तीला थोडी चालना देते. मार्च २००१ मध्ये केंद्र सरकारनं डीटीएचचे नियम केले, त्यातच लिहिलं होतं की एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालला पाहिजे. तेव्हा देशात एकही डीटीएच सेवा सुरू नव्हती. पहिली २००३ मध्ये आली. म्हणजे बॉक्स जन्माला येण्याआधीच त्याच्या मुंजीचा मुहूर्त काढलेला होता. एप्रिल २०२० मध्ये ट्रायनं सरकारला पुन्हा शिफारस केली की हे सक्तीचं करा. आमच्या माळ्यावर तीन कंपन्यांचे बॉक्स आहेत, तिन्ही ठणठणीत. लहरी पकडण्याचं काम तिघांनाही येतं. कुलूप मात्र प्रत्येकाचं आपल्याच मालकाच्या किल्लीनं उघडतं. स्वामिनिष्ठेचं इतकं उज्ज्वल उदाहरण बाजीप्रभूंनंतर पाहण्यात नाही.

आता निवडीविषयी. आपला प्रतिनिधी येतो आणि टीव्ही मोजतो. तीन टीव्ही, तीन बॉक्स, तिन्ही एकसारखे, ‘ऑफर चालू आहे’. मी मोजलं ते वेगळंच. रात्री आठ वाजता आमच्या घरात एकाच वेळी किती वेगवेगळ्या गोष्टी बघितल्या जातात? हॉलमध्ये सासरे आणि नवरा क्रिकेट. आतल्या खोलीत सासूबाईंची मालिका, जी त्या जाहिरातींसकट बघतात, कारण जाहिराती लागल्या की भाजी ढवळून येता येतं. मुलगी तिच्या खोलीत फोनमध्ये. मी कुठेच नाही, मी रिचार्ज करते. उत्तर आलं दोन. तीन टीव्हींच्या घराला दोन बॉक्स पुरतात.

हॉलला एचडी बॉक्स द्यावा. पडदा मोठा आहे, चेंडूही दिसला पाहिजे. थांबवता आणि मागे नेता येणारा असेल तर उत्तम. बाद होता की नव्हता, हे भांडण तिसऱ्या पंचाइतक्याच लवकर मिटतं. घेण्याआधी एवढं विचारावं, की एक कार्यक्रम नोंदवताना दुसरा बघता येतो का आणि त्यासाठी वायरी किती लागतात.

सासूबाईंना साधा बॉक्स. त्यांचा टीव्ही जुना आहे, मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची भोकं आहेत. नव्या बॉक्सपैकी काहींना ती भोकंच नसतात, फक्त एचडीएमआय असतं. ते आधी बघावं, नाहीतर बॉक्ससाठी टीव्ही बदलावा लागतो आणि मग त्या टीव्हीसाठी भिंत. इंटरनेटवाला अँड्रॉइड बॉक्स त्यांच्या खोलीत अजिबात नको. एका चुकीच्या बटणानं त्या मालिकेतून बाहेर पडून कुठल्याशा कोरियन नाटकात जाऊन बसतात. एकदा तिथेच रमल्या होत्या, ही गोष्ट वेगळी.

मुलीच्या खोलीतल्या टीव्हीला बॉक्सच नाही. त्यात इंटरनेट आहे, ती काय बघायचं ते बघते. ज्यांना तिसऱ्या खोलीतही छत्री हवीच आहे, त्यांनी दूरदर्शनच्या फ्री डिशचा विचार करावा. ती २००४ पासून आहे. बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं देणं काही नाही. तिचा उपग्रह वेगळ्या अंशावर असल्यास छत्रीही वेगळी लागते आणि सचिवांकडे पुन्हा जावं लागतं, एवढंच.

एक बॉक्स आणि दोन टीव्ही अशीही सोय होते. एचडीएमआयचा स्प्लिटर आणून दुसऱ्या खोलीपर्यंत लांब केबल ओढायची, म्हणजे तेच चित्र दोन्हीकडे. हॉलमध्ये जे लागलं तेच आत. ज्या घरात एकाचंच चालतं तिथे ही पद्धत सर्वांत स्वस्त पडते.

शेवटी रिमोट. घरातली सत्ता कुणाकडे आहे हे पाहायला मतदार यादी लागत नाही, सोफ्यावर कुणाच्या मांडीखाली काय आहे ते पाहावं. १९५६ मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीसाठी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी ‘स्पेस कमांड’ नावाचा रिमोट बनवला. त्याला चार बटणं होती आणि सेल लागत नसत. बटण दाबलं की आत एक छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची आणि त्या कानाला न ऐकू येणाऱ्या नादानं चॅनेल बदलायचा. आपण त्यावर बरीच प्रगती केलीत. आमच्या हॉलमधल्या रिमोटला इतकी बटणं आहेत की निम्म्यांना आजवर बोट लागलेलं नाही, आणि सेल मात्र फायनलच्या शेवटच्या षटकातच संपतात. मग तो तळहातावर आपटतात. तेवढी हातोडी आपण आमच्याकडे सोपवलीत.

तीन टीव्हींचे तीन आणि दोन बॉक्सचे दोन, असे रिमोट पाच. चॅनेल बॉक्सच्या रिमोटनं, आवाज टीव्हीच्या. बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचं चालू-बंद आणि आवाज शिकवता येतो का, हे बॉक्स घेतानाच विचारावं आणि तंत्रज्ञ घरात आहे तोवर शिकवून घ्यावं. मग टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटात. त्यावरचं ‘सोर्स’ हे बटण चुकून दाबलं गेलं की निळा पडदा आणि ‘नो सिग्नल’ येतं, आणि मला ऑफिसात फोन येतो, ‘टीव्ही गेला’. असं टीव्ही जाण्याचं कारण दर वेळी तेच बटण असतं.

जुन्या पद्धतीचा रिमोट अवरक्त किरणांवर चालतो. ते भिंतीतून जात नाहीत. नवे काही ब्लूटूथवाले असतात, ते जातात. दिसायला दोन्ही काळे, लांबुळके, सारखेच. ते खोल्यांमध्ये बदलले की सासूबाई आपल्या खोलीत बसून हॉलमधली विकेट घालवू शकतात, आणि सासऱ्यांना ती कुणी घेतली हे समजत नाही. उपाय म्हणजे एकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. रिमोट चालतोय की सेल संपले, हे पाहायचं तर फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावं. अवरक्तवाला असेल तर टोकाशी जांभळट ठिणगी दिसते. आपल्या ग्राहकसेवेत हे विचारलं असता बॉक्स बंद करून चालू करायला सांगण्यात आलं. केला. आताही बंदच आहे, पण चालू केलेला.

तरी माझ्या मागण्या मोजक्या आहेत. २००१ चा कागद कुठे ठेवलाय तो शोधावा. किती तोंडांचा एलएनबी आणि किती वायरी, हे पैसे घेण्याआधी सांगावं. सासूबाईंसाठी सहा बटणांचा एक रिमोट काढावा. चार अ‍ॅडलर यांची आणि दोन आपल्या समाधानासाठी. आणि प्रतिनिधी दारात आला की त्यानं टीव्ही मोजू नयेत. ‘रात्री आठला या घरात किती जणांचं एकमेकांशी पटत नाही?’ असं विचारावं आणि तितकेच बॉक्स काढावेत. आपला खप कदाचित वाढेलही.

कळावे, लोभ असावा. नसल्यास नेटवर्क कपॅसिटी फी आहेच.

आपली, रिचार्ज संपेपर्यंत विश्वासू,
एका पेरेंट आणि एका चाइल्ड जोडणीची सून

ता. क. : हे पत्र मिळाल्यावर आपण मला तिसऱ्या बॉक्सची ऑफर पाठवणार, हे मी गृहीत धरलं आहे. स्वयंपाकघरात अजून टीव्ही नाही, हे कृपया आपल्या विक्री विभागाला कळवू नये.