नानांचा शेरा

आमच्या सोसायटीतले नाना सिनेमाला जातात वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी. पण मत मात्र प्रत्येक सिनेमावर तयार. उभी हयात मंत्रालयात, लेखाशाखेत गेली. आठवडाभर डोंबिवलीची लोकल आणि मनात आलं तर रविवारी टिळक, पूजा नाहीतर मधुबन. सोमवारच्या फायली डोक्यात घेऊनच ते टॉकीजमध्ये शिरायचे. त्यामुळे पडद्यावर हिरो आला की बाकीचे शिट्ट्या मारायचे आणि नाना शेजाऱ्याला विचारायचे, "हा करतो काय? पगार किती?"

‘अशी ही बनवाबनवी’ (1988) टीव्हीवर लागला की अख्खी बिल्डिंग हसते. नाना हसत नाहीत. त्यांच्या मते हा गंभीर सिनेमा आहे, विषय भाडेकरूंचा. सगळ्यांची सहानुभूती धनंजय मानेला, नानांची घरमालक सरपोतदाराला. "खोली दिली एकाला, आणि हे महाशय गोतावळा आणून ठेवतात. पोटभाडेकरू ठेवला की कायद्यात मालकाची बाजू पक्की. माने पागडीशिवाय सुटला हेच नशीब!"

‘पिंजरा’ (1972) त्यांना फार आवडतो, फक्त एक आक्षेप आजतागायत निकाली निघालेला नाही. "मास्तर मयत दाखवले, गावाने पुतळासुद्धा बसवला. पण प्रॉव्हिडंट फंडाचं काय? वारसाची नोंद होती का?"

"नाना, एक आदर्श माणूस तमाशापायी उद्ध्वस्त होतो, त्याची गोष्ट आहे ती."

"उद्ध्वस्त नंतर झाला रे. आधी विनापरवानगी गैरहजर."

शांतारामबापूंनी ज्यावरून बेतला त्या 1930 च्या ‘ब्लू एंजल’ या जर्मन सिनेमात प्राध्यापकाला नोकरी सोडावी लागते, हे मी सांगितलं तेव्हा नानांचा चेहरा उजळला. "बघ! जर्मन माणूस कागद पूर्ण करतो."

‘सैराट’ (2016) ते पाहणारच नव्हते. 174 मिनिटं म्हणजे डोंबिवली ते सीएसएमटी स्लो गाडीने जाऊन येऊन वर एक चहा, असा त्यांचा हिशेब. काकूंनी बळंच नेलं. पूर्वार्धभर नाना चुळबुळत होते. आर्ची-परशा हैदराबादला पोचले तसे सावरून बसले. ती बाटल्यांच्या कारखान्यात, तो डोशाच्या गाडीवर, झोपडीतून बऱ्या घरात, मग गाडी. "याला म्हणतात डायरेक्टर! दोन पगारांत काय बसतं ते माहिती आहे त्याला." शेवटाबद्दल मात्र बोलायला तयार नाहीत. "संसार नुकता मार्गाला लागला होता," एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात. कुठल्याही परीक्षणात नसलेलं काहीतरी नानांना दिसतं, हे मला त्या दिवशी कबूल करावं लागलं.

तेव्हापासून मी त्यांना मुद्दाम सिनेमाला नेतो. 2023 साली ठाण्याच्या विवियाना मॉलमध्ये ‘ओपनहायमर’ला नेलं. तीन तासांचा सिनेमा. अणुबाँब फुटला तेव्हा नानांना डुलकी लागली होती. बंद खोलीतली चौकशी रंगात आली आणि ते खुर्चीच्या टोकावर! बाहेर पडताना मी विचारलं, "कसा वाटला?"

"बाँबचं मला कळत नाही. पण ही सरळसरळ खातेनिहाय चौकशी आहे. आणि वकिलाला कागदच दाखवत नाहीत म्हणजे काय? आपल्याकडे असतं तर प्रशासकीय न्यायाधिकरणाने, ‘मॅट’ने, पहिल्याच तारखेला स्टे दिला असता."

त्या चौकशीत ओपनहायमरविरुद्ध गेलेला 1954 चा निर्णय अमेरिकन सरकारने 2022 साली रद्द केला, ही माहिती मी पुरवली. नाना सरकत्या जिन्याच्या तोंडाशीच थांबले. मागे रांग लागली.

"म्हणजे अडुसष्ट वर्षं प्रकरण प्रलंबित! आणि थकबाकी? ती वारसांना दिली की नाही?"