किल्ल्या कुणाच्या कमरेला?

अहो वहिनी, ऐकलंत का? नाही, तुम्ही चादरी वाळत घालून घ्या, मी इथेच उभी आहे. जरा जास्वंदीच्या अलीकडे या म्हणजे झालं, वरच्या गॅलरीत कान टवकारलेत...

आमच्या सोसायटीचा नवा चेअरमन ठरला. आणि कोण, तर समोरच्या गटातला! सेक्रेटरींनी स्वतः नाव सुचवलं हो, पण चेहरा बघायला हवा होतात, करपल्या पापडासारखा. आमचे हे म्हणतात, "काय मोठं मन!" मी म्हटलं, कसलं मन नि कसलं काय. हात मोजायला कमी पडले की मन आपोआप मोठं होतं!

दिल्लीत तरी दुसरं काय झालं होतं? शहाण्णव साल आठवा. वाजपेयींचे ते तेरा दिवस! पदरात १६१ खासदार, आणि निम्मं सभागृह गाठायचं म्हणजे २७२ हवेत. १६ मेला शपथ घेतली आणि २३ मेला स्पीकरच्या खुर्चीत कोण? संगमा. काँग्रेसचे! तेही एकमतानं. घर यांचं, किल्ल्यांचा जुडगा शेजारणीच्या कमरेला.

पण माणूस गोड हं. आधी आपले लातूरचे शिवराज पाटील, कसे कडक इस्त्रीतले. आणि हे मेघालयातले, तुऱ्याचे, गारो डोंगरातले. हसत हसत भल्याभल्यांना खाली बसवायचे, शाळेतले लाडके सर बसवतात ना, तसे. टीव्हीवर लोकसभा बघायचं वेड मला त्यांनीच लावलं. त्या नादात आमच्याकडे दोनदा वरण उतू...

तर काय सांगत होते? हां. २८ मेला वाजपेयी राजीनामा द्यायला निघाले. पुढे देवेगौडा आले, गेले, गुजराल आले. संगमा जागच्या जागी! आणि डेप्युटी स्पीकर कोण झालं? भाजपचे सूरज भान. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, त्यातलाच प्रकार.

अठ्ठ्याण्णवला तर आणखी मज्जा. पुन्हा वाजपेयी, पुन्हा स्पीकर हवा. संगमांचं नाव मांडलं कुणी? आपल्या बारामतीकरांनी! पण वाजपेयींनी काढलं बालयोगींचं नाव. तेलुगू देसमचे हो! आणि त्यांचे चंद्राबाबू कालपरवापर्यंत कुठे होते? समोरच्या आघाडीचे निमंत्रक! त्यांचे बारा खासदार हवे होते ना, मग काय, पाहुण्यालाच पाटावर बसवलं. पवारांचा ठराव आवाजी मतदानात पडला आणि बालयोगी दलित समाजातले पहिले स्पीकर झाले. इतकं सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं, पण...

अहो, तो १७ एप्रिल! नव्व्याण्णवचा. विश्वासदर्शक ठराव. ओरिसाचे गमांग फेब्रुवारीतच मुख्यमंत्री झालेले, पण खासदारकी सोडलेली नाही. आले की मत द्यायला! एकच गलका. हे चालतं का, हे शोभतं का. बालयोगींनी काय करावं? म्हणाले, ज्याच्या त्याच्या विवेकबुद्धीवर सोपवतो. बस. एवढंच. बोर्डावर आकडे लागले, २६९ आणि २७०. एका मतानं सरकार गेलं हो! ते चेहरे मी अजून विसरले नाही. मग ज्यानं त्यानं बोटं मोडली, कुणी गमांगांच्या नावानं, कुणी खुर्चीच्या. पण मी म्हणते, जुडगा दिलात ना हौसेनं? मग कुठलं कुलूप उघडायचं ते तुम्ही कसं सांगणार?

म्हणून तर आता शहाणे झालेत सगळे. सतराव्या लोकसभेत पाच वर्षं डेप्युटी स्पीकर नेमलाच नाही. किल्लीच करून घ्यायची नाही, म्हणजे द्यायचा प्रश्न नाही! आणि चोवीस साली विरोधकांनी तेच पद मागितलं, तर बोलणी तिथेच फिसकटली.

तर आमच्या चेअरमनांचं सांगत होते. रविवारी रंगकामाच्या कंत्राटावर मतदान आहे. सेक्रेटरींचा माणूस एकीकडे, बाकीचे एकीकडे, हात अगदी सारखे. आणि आमचा फ्लॅट मी गेल्या महिन्यात मुलाच्या नावावर केला, पण शेअर सर्टिफिकेटवर नाव अजून माझंच. सेक्रेटरी म्हणतात, तुम्हाला मत नाही. दुसरे म्हणतात, आहेच मुळी. गेले चेअरमनांकडे. तर ते काय म्हणाले असतील?

"काकू, तुमच्या विवेकबुद्धीवर सोपवतो."

हसता काय वहिनी! सकाळपासून सेक्रेटरीणबाई दोनदा येऊन गेल्या. एकदा ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन...