घाटापलीकडचा विमा

सरकारने तुमच्या घराचा आरोग्य विमा पाच लाखांचा केला आहे. अभिनंदन! आता फक्त नीट आजारी पडा.

नीट म्हणजे यादीत बसेल असे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली, यादीत १,३५६ उपचार आले आणि पिवळ्या-केशरीच्या जोडीला पांढऱ्या शिधापत्रिकेलाही दार उघडले. कर्करोग, हृदयाची झडप, मूत्रपिंड हे जमीन विकायला लावणारे आजार. २०१२ पासून, तेव्हा नाव राजीव गांधींचे होते, या योजनेने अनेकांच्या जमिनी वाचवल्या आहेत. हे नाकारणारा कृतघ्न म्हणावा लागेल.

पण रत्नागिरीजवळच्या पालीतला माणूस इतका योजनाबद्ध आजारी पडत नाही. त्याला कातळावर फुरसे चावते. लावणीच्या चिखलात लेप्टो होतो. आणि पन्नाशीनंतर रक्तदाबाची गोळी रोज लागते, जी योजनेत नाही, कारण योजना खाटेवर आडव्या झालेल्यांची आहे. गोळी सरकारी खिडकीवर मिळते, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट फुकट. तुम्ही जाल त्या दिवशी ती संपलेली असली तर बाजारातून घ्या, पदरचे पैसे मोजा. परवडली नाही म्हणून महिनाभर सोडली आणि झटका आला की मात्र काळजी नको. तिथून पुढे पाच लाखांपर्यंत सरकार समर्थ आहे.

पालीचे दुसरे दुखणे म्हणजे तिचा तिठा. मुंबई-गोवा महामार्गातून साखरपा, आंबा घाट, कोल्हापूर अशी वाट इथेच फुटते. महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, अपघात त्याआधीपासून. अपघातग्रस्तांसाठी २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची विमा योजना मंजूर झाली: पहिले बहात्तर तास, तीस हजारांपर्यंत. २०२३ मध्ये ती फुले योजनेत विलीन झाली आणि मर्यादा एक लाखावर गेली. मे २०२५ मध्ये केंद्राने वर दीड लाख आणि सात दिवस जाहीर केले. बिल भरायला इतके जण पुढे सरसावलेले पाहून जखमीला गहिवरून यावे. फक्त डोक्याला मार लागलेल्या माणसाला आधी घाट ओलांडून शंभरेक किलोमीटरवरचे कोल्हापूर गाठावे लागते, आणि त्या वाटेचा विमा अजून कुणी काढलेला नाही.

पालीत ग्रामीण रुग्णालय आहे. ग्रामीण रुग्णालय म्हणजे कागदावर तीस खाटा आणि तज्ज्ञांची पदे. राज्यभर अशा पदांचे काय होते, ते डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालात वाचावे. डॉक्टर कमी, परिचारिका कमी, तंत्रज्ञ कमी. विम्याची मर्यादा वाढवायला एक शासन निर्णय पुरतो. भूलतज्ज्ञाला कोकणात राहायला लावायचे तर घर, शाळा, वेळेवर पगार आणि बदलीचा सरळ हिशेब लागतो. कोणते काम आधी होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

पाली हे मंत्री उदय सामंत यांचे गाव. रत्नागिरीत २०२३ मध्ये शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना द्यायला हात आखडता घेणार नाही. योजनेच्या फलकापेक्षा हे काम शंभरपट अवघड आणि म्हणून शंभरपट मोलाचे. पण त्यातून निघालेला डॉक्टर पालीच्या ओपीडीत बसेल की पुण्याच्या कॉर्पोरेट इमारतीत फुले योजनेचे पॅकेज करेल?

याच महामार्गाने महाडला जा. तिथे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात हिंमतराव बावसकर नावाचे तरुण सरकारी डॉक्टर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे हृदय निकामी होऊन मरत. बावसकरांनी रात्र-रात्र खाटेशेजारी बसून निरीक्षणे टिपली, रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरून पाहिले, आणि दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा चाळीसच्या घरातून एकावर आले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे काम छापले, पद्मश्री २०२२ मध्ये मिळाली. त्या रुग्णांकडे कार्ड नव्हते, कुणाची पूर्वमंजुरी नव्हती. सरकारचा डॉक्टर तेवढा जागेवर होता.

डॉक्टर जागेवर ठेवायचा तर सरकारला खर्च करावा लागतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, कोविड असूनही, तो १.८४ टक्के होता. त्या वर्षी एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी खिशातून भरला. हा खिसा कोणत्याच योजनेच्या फलकावर छापला जात नाही.

मध्यमवर्गाने मात्र तक्रार करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला आहे. पालीतल्या नोकरदाराने हप्ता भरावा, कॅशलेस कार्ड पाकिटात ठेवावे आणि छातीत कळ आली की कंपनीला फोन लावावा. जवळचे नेटवर्क रुग्णालय म्हणून बहुधा कोल्हापूरचे नाव सांगतील. पुढचे काही विचारायचे असेल तर साखरप्याच्या आतच विचारून घ्या, घाटात रेंज जाते.