जलाशयावरील शिष्टाचार: नौकाविहारी व बंगलेवाले यांच्या उपयोगार्थ

मुंबई आणि पुणे या दोन शहरांतील सुस्थित मंडळींना शनिवार उजाडताच निसर्गाची जी अनिवार ओढ लागते, तिचे पर्यवसान पुष्कळदा मावळातील पवना धरणाच्या काठी होते. आणि तेथे एक वर्ग पाण्यावर व दुसरा पाण्याकाठी राहून एकाच निसर्गाचा एकाच वेळी आस्वाद घेऊ लागला म्हणजे उभयतांमध्ये जो कलह उत्पन्न होतो, त्याच्या निवारणार्थ हे मार्गदर्शन सादर आहे. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे चार किल्ले या मुलखावर अद्याप नजर ठेवून आहेत. परंतु त्यांचा अंमल संपुष्टात आला असल्याने हे काम लेखणीवर येऊन पडले आहे.

प्रथम हद्दीचा प्रश्न. सकाळी गच्चीत चहाचा पेला घेऊन ‘आपला तलाव’ असा उच्चार करण्यापूर्वी बंगलेवाल्याने आपल्या सातबाऱ्याची नकल एकवार सावकाश वाचावी, कारण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 20 अन्वये नद्या, नाले व तलाव यांचे तळ आणि त्यांतील पाणी, अन्य कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसल्यास, शासनाच्या मालकीचे असते. नौकाविहाऱ्यानेही यावर फार हर्षित होण्याचे कारण नाही. हे पाणी पाटबंधारे खात्याने अडवलेले असून ते पुढे नदीत सोडले जाते, रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना पोहोचते. सबब मालकीच्या आवेशाने भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी आपण चिंचवडच्या कोणा अपरिचित गृहस्थाच्या न्हाणीघरात उभे आहोत असे समजावे व आवाज त्या मानाने बेताचा ठेवावा.

नौकाविहाऱ्याचा मुख्य धर्म वेगासंबंधी आहे, आणि नेमके येथेच सज्जन मनुष्य फसतो. काठ जवळ आला की वेग ‘थोडासा’ कमी केला म्हणजे कर्तव्य संपले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. परंतु यांत्रिक होडी मंद असताना पाणी हलकेच बाजूला सारीत जाते, भरधाव असताना पाण्याच्या पृष्ठावर उचलली जाते, आणि या दोहोंमधल्या, सौजन्याच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या चालीत तोंड आकाशाकडे करून व पिछाडी पाण्यात रुतवून सर्वांत थोर लाटा उठवते. म्हणजे उद्दाम इसम ज्या काठाला केवळ ओझरता धक्का देऊन गेला असता, तो काठ विनयशील इसमाच्या अर्ध्या विनयाने खचतो. त्यात पुन्हा लाटेची उंची दुप्पट झाली की तिचे बळ चौपट होते. तेव्हा सौजन्य दाखवावयाचेच असेल तर ते बऱ्याच अंतरावरून आणि पूर्ण दाखवावे, होडीमागे फेसाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत दाखवावे. अन्यथा काठापासून लांबच राहावे, हा अधिक स्वस्त मार्ग आहे.

बंगलेवाल्याने ‘ए होडीवाले!’ अशी आरोळी ठोकू नये. होडी हाकणारा बहुधा काठच्याच गावचा तरुण असतो, आणि ‘जोरात घ्या’ हा हुकूम पैसे मोजून पुढे बसलेल्या उतारूचा असतो. ‘दादा, जरा सावकाश घ्या, घरात म्हातारी माणसं झोपलीत,’ असे म्हणावे. उत्तर ‘हो साहेब’ असेच येईल. घरात म्हातारी माणसे नसल्यास ती असल्याचे सांगण्यास आमच्या मते प्रत्यवाय नाही, मात्र त्यानंतर रात्री अकरा वाजता ध्वनिवर्धक लावून स्वतः गाऊ नये.

ध्वनीची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. शांत संध्याकाळी पाण्यालगत गार हवेचा थर साचला म्हणजे वर जाणारा ध्वनी पुन्हा खाली वळतो आणि नेहमीपेक्षा पुष्कळ दूर पोहोचतो. होडीतील मंडळी बंगल्याच्या गुलाबी खांबांविषयी, ते कोणाच्या पैशांतून उभे राहिले असावेत याविषयी जी चर्चा विश्वासाने करतात, ती खांबांच्या मालकास शब्दशः ऐकू येते. आणि मालकाने त्या मंडळींच्या कुळाविषयी पत्नीजवळ हळूच काढलेले उद्गारही तितक्याच इमानाने उलट दिशेने प्रवास करतात. प्रखर दिवे, रिकाम्या बाटल्या आणि फटाके यांविषयी काही लिहिणे हा वाचकांचा अपमान होईल, म्हणून लिहीत नाही. बाटल्या मात्र परत घेऊन जाव्यात.

आता ऋतूंचे पाहू. काठचा बंगला विकणारा मनुष्य गिऱ्हाइकाला भाद्रपदात आणतो, वैशाखात कधीही आणीत नाही. भाद्रपदात पायरीला लागलेले पाणी उन्हाळ्यात दूर निघून जाते, बुडालेले वाघेश्वराचे प्राचीन मंदिर उघडे पडते, आणि बंगलेवाल्याने हौसेने बांधलेला लाकडी धक्का चिखलावर अधांतरी उभा राहतो. अशा प्रसंगी पाणी मागे सरकल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन एकसाली पट्ट्याने कसावयास देण्याची पद्धत आपल्या धरणांवर आहे, आणि तीत अग्रक्रम धरणग्रस्तांचा असतो. म्हणजे पवनेकाठी ज्यांची शेते बुडाली आणि ज्यांच्या पुनर्वसनाची दरखास्त अर्धशतकाहून अधिक काळ या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिली, त्यांचा.

ज्या धरणावर असे पीक उभे असेल तेथे होडी पाण्यापर्यंत ओढून नेऊ पाहणारा नौकाविहारी आणि पाणी कोठे गेले ते पाहावयास निघालेला बंगलेवाला या दोघांनीही प्रथम शेताच्या कडेला थांबावे, ‘काका, कोणत्या बाजूने जाऊ?’ असे विचारावे, दाखवलेल्याच वाटेने एकामागून एक जावे, आणि परतताना काकडी विकत घेतल्यास दादरच्या भावाचा उल्लेख करू नये.